पावसात थांबलेला वायपर

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमहून ऑक्सफर्डकडे जाणारा एम-४० नावाचा महामार्ग आहे. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबर महिन्यात आम्ही त्या रस्त्याने चाललो होतो. गाडी आमच्या शाळासोबत्याची होती. तो नोकरीनिमित्त तिकडे गेला आणि तिकडचाच झाला. त्याने हौसेने एक जुनी गाडी बाळगली आहे: दोन माणसांची, कापडी टपाची, १९७०च्या दशकाच्या मध्यात बनलेली एमजीबी. ही गाडी ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावातल्या कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत बनत असे. ते गाव आम्हांला दाखवायचे म्हणूनच आम्ही निघालो होतो.

वाटेत पाऊस लागला. आपल्याकडचा नव्हे, तिकडचा. बारीक, पण न थांबणारा. त्यातच पुढच्या मालमोटारीच्या चाकांनी उडवलेले चिखलपाणी काचेवर येत होते. वायपर मंद गतीवर चालू होता. तो काचेच्या मध्यावर आला आणि तिथेच थांबला. दोन सेकंदांत समोरचे सारे पुसट झाले. सोबत्याने सुकाणूच्या दांड्यावरची कळ आणखी पुढे, जलद गतीच्या जागी ढकलली. वायपर पुन्हा फिरू लागला! कळ मंदवर आणली की थांबे, जलदवर नेली की फिरे. बंद केली तर बाजूला जाऊन निजण्याऐवजी काचेवर असेल तिथे उभा राही. त्याच जलद गतीवर आम्ही पुढच्या फाट्याला महामार्ग सोडला आणि एका पेट्रोल पंपाच्या छपराखाली गाडी उभी केली.

"मोटार जळली," सोबती म्हणाला. "नवी मागवावी लागणार."

"अरे, जळली असती तर जलद कशी फिरली असती?" आम्ही विचारले.

त्याच्याकडे उत्तर नव्हते. खरे तर आमच्याकडेही नव्हते. आम्ही पडलो विज्ञानाचे शिक्षक, मोटारींचे कारागीर नव्हे. पण पुढचे दोन दिवस त्याच्या घरामागच्या शेडमध्ये जे शोधले, त्यात नववी-दहावीच्या विद्युतप्रवाहाच्या धड्याचा बहुतेक भाग कामी आला. म्हणून ते इथे सविस्तर मांडत आहोत.

आधी गाडीविषयी थोडे. तिचे आपल्याशी एक नाते आहे. एमजीबीचे १७९८ घन सेंटिमीटरचे इंजीन ब्रिटिश मोटार कॉर्पोरेशनच्या 'बी-मालिके'तले होते, आणि आपल्या ॲम्बॅसडर गाडीत वर्षानुवर्षे बसवलेले १४८९ घन सेंटिमीटरचे इंजीन त्याच मालिकेतले. तिची विद्युत-सामग्री बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीची. याच लुकासच्या भागीदारीत मद्रासला १९६१ साली लुकास-टीव्हीएस ही कंपनी सुरू झाली. तेव्हा ॲम्बॅसडरचे बॉनेट उघडून वाढलेल्या माणसाला एमजीबीचे बॉनेट फारसे परके वाटत नाही.

काच पुसण्याच्या यंत्राचा इतिहास याहून जुना आहे. अमेरिकेतल्या मेरी अँडरसन यांनी १९०३ साली हाताने कळ ओढून काच पुसण्याच्या साधनाचे पेटंट मिळवले. पुढे इंजिनाच्या शोषणाने, म्हणजे निर्वाताने चालणारे वायपर आले. त्यांत एक गमतीदार दोष होता. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनातला निर्वात कमी होई आणि नेमक्या गरजेच्या वेळी वायपर रेंगाळे. विजेच्या मोटारीने ही अडचण संपवली, पण तिच्यासोबत एक नवा प्रश्न आला. मोटार गोल फिरत राहते. मग ती बंद करताना काचेच्या कडेला नेमक्या जागी कशी थांबवायची?

आता एमजीबीची वायपर-मोटार पाहू. ही लुकासची '१४ डब्ल्यू' या नावाची मोटार आहे. आत दोन कायम चुंबक, मध्ये फिरणारे आर्मेचर, त्याच्या टोकाला मळसूत्री दंतचक्र. त्यावर मोठे चाक बसते. त्या चाकाला जोडलेला दांडा एक दातेरी लवचीक तार नळीतून पुढेमागे ढकलतो आणि त्या तारेवर वायपरची चाके अर्धवट फिरतात. मोटारीकडे पाच वायरी येतात. ब्रिटिश गाड्यांत वायरींचे रंग ठरलेले असतात, हे फार सोयीचे. काळी म्हणजे जमीन, अर्थात गाडीचा सांगाडा. हिरवी म्हणजे किल्ली फिरवल्यावर फ्यूजमधून येणारे १२ व्होल्ट. उरलेल्या तिन्हींवर फिकट हिरवी रेघ असते: लाल वायर मंद गतीची, निळी जलद गतीची, तपकिरी थांबण्याची. यापुढे आपण त्यांना नुसते लाल, निळी, तपकिरी म्हणू.

एकाच मोटारीला दोन गती कशा? पुष्कळांना वाटते की मंद गतीसाठी मध्ये एखादा रोध घातलेला असेल. घरच्या पंख्याच्या जुन्या रेग्युलेटरमध्ये तसे असे. इथे तसे नाही. इथे आर्मेचरला दोनऐवजी तीन ब्रश टेकलेले आहेत. एक जमिनीचा, दुसरा त्याच्या अगदी समोर, मंद गतीचा. तिसरा थोडा बाजूला सरकवलेला, जलद गतीचा.

फिरणारे आर्मेचर हे एकाच वेळी मोटारही असते आणि जनित्रही. चुंबकीय क्षेत्रात त्याची गुंडाळी फिरते, म्हणून तिच्यात उलट दिशेचा विद्युतदाब निर्माण होतो. हा विरोधी दाब जवळजवळ बॅटरीच्या दाबाइतका होईपर्यंत मोटार वेग घेत राहते. आता ब्रश बाजूला सरकवला, तर दोन ब्रशांमधल्या वेढ्यांपैकी काहींचा दाब इतरांच्या विरुद्ध पडतो आणि परिणामकारक वेढे कमी होतात. कमी वेढ्यांतून तेवढाच विरोधी दाब मिळवायचा तर जास्त वेगाने फिरले पाहिजे. वेढे कमी केल्यावर मोटार जलद होते, हे विद्यार्थ्यांना आधी उलटेच वाटते.

या मोटारीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत आकडे दिले आहेत. वायपरची तार काढून मोटार मोकळी फिरवली, तर मोठे चाक मंद गतीला मिनिटाला ४६ ते ५२ फेरे आणि जलद गतीला ६० ते ७० फेरे करते. मंदला साधारण १.५ अँपिअर, जलदला २ अँपिअर प्रवाह लागतो. आम्ही चहा पिता पिता कागदावर मांडले. परिणामकारक वेढे तीन-चतुर्थांश झाले असे धरा. मग वेग चार-तृतीयांश व्हायला हवा: ४८ चे ६४. घर्षण तेवढेच, म्हणून पीळही तेवढाच लागणार; पण वेढे कमी असल्यामुळे त्यासाठी प्रवाहही चार-तृतीयांश लागणार: १.५ चे २. दोन्ही आकडे पुस्तिकेशी जुळले. तीन-चतुर्थांश हे आमचे अनुमान आहे, आम्ही मोटार उघडून वेढे मोजलेले नाहीत. तरी वर्गात फळ्यावर करायला हे गणित फार चांगले.

आता थांबण्याची युक्ती. मोठ्या चाकावर एक उंचवटा आहे. वायपर काचेच्या कडेला आला की हा उंचवटा मोटारीतलाच एक छोटा स्विच पलटवतो. एरवी हा छोटा स्विच तपकिरी वायर हिरवीला, म्हणजे १२ व्होल्टला जोडून ठेवतो. पलटला की तीच तपकिरी जमिनीला जोडतो. सुकाणूवरची कळ 'बंद' केली म्हणजे काय होते? कळ लाल आणि तपकिरी या दोन वायरी एकमेकींना जोडते, एवढेच. वायपर मध्यावर असेल तर तपकिरीत १२ व्होल्ट आहेत, ते लालमधून मंद गतीच्या ब्रशला मिळतात आणि मोटार चालूच राहते. चालक म्हणतो बंद, मोटार म्हणते जरा थांबा, घरी पोचते. कडेला पोचताच छोटा स्विच पलटतो आणि तपकिरी जमिनीला लागते. आता आर्मेचरचा एक ब्रश जमिनीला आहेच. दुसराही लाल-तपकिरीमार्गे जमिनीला गेला. गुंडाळीची दोन्ही टोके एकमेकांना जोडली गेली. मोटार अजून फिरते आहे, म्हणजे ती जनित्र आहे. तिचा प्रवाह या बंद परिपथातून वाहतो आणि लेंझच्या नियमाप्रमाणे तिच्याच गतीला विरोध करतो. मोटार जागच्या जागी थबकते.

हे वर्गात दाखवायला दहा-वीस रुपयांची खेळण्यातली मोटार पुरते. तिच्या आसाला पुठ्ठ्याची चकती लावा. एका घटावर फिरवून घट काढा. चकती थोडा वेळ फिरत राहून थांबेल. पुन्हा फिरवा, घट काढा आणि लगेच मोटारीची दोन टोके एकमेकांना टेकवा. चकती चटकन थांबते. हाताने आस फिरवून पाहिला तर टोके जोडलेली असताना बोटांना फरक कळतो. चकती जरा जड घेतली तर मागच्या बाकालाही दिसते.

आता आमच्या बिघाडाकडे येऊ. जलद गती चालते, म्हणजे फ्यूज ठीक, हिरवी वायर ठीक, जमिनीचा ब्रश ठीक, दंतचक्र आणि तार ठीक. मंद चालत नाही आणि थांबणेही चालत नाही. या दोन कामांत सामाईक काय? लाल वायर, तिचा ब्रश आणि कळीच्या आतला लालचा संपर्क. गुन्हेगार या तिघांतच असणार. एवढे मोटारीला हात न लावता कळले. सोबत्याचा मोटारीवरचा संशय मात्र गेला नव्हता, कारण मंद गतीचा ब्रश मोटारीतच आहे. तोही आमच्या यादीत होताच.

शेडमध्ये त्याने मोटारीजवळचा जोड सोडवला, किल्ली फिरवली, कळ मंदवर ठेवली आणि लाल वायर व सांगाडा यांमध्ये मल्टिमीटर लावला. काटा नव्हता, आकडे होते: १२.४ व्होल्ट.

"झाले!" तो म्हणाला. "कळ पूर्ण दाब देते आहे. म्हणजे मोटारच." आणि त्याने फोन हातात घेतला. नवी मोटार कळीपेक्षा कितीतरी महाग, शिवाय ती बसवणे म्हणजे दोन दिवसांचे काम.

त्या क्षणी आम्हीही मान डोलावली, हे कबूल केले पाहिजे. मग शाळेतल्या एका जुन्या प्रयोगाची आठवण झाली. आम्ही त्याच्याकडे गाडीच्या वळणदिव्याचा २१ वॉटचा जुना बल्ब मागितला. त्याला दोन वायरी जोडून तो लाल वायर आणि सांगाडा यांमध्ये लावला, मीटर तसाच ठेवून. बल्ब जेमतेम लालसर झाला. मीटरचा आकडा ३ व्होल्टवर आला! तोच बल्ब निळ्या वायरीवर, कळ जलदवर ठेवून लावला. लख्ख पेटला आणि मीटर १२ च्या आसपास राहिला.

मीटर आधी चुकला होता का? नाही. अशा मीटरचा स्वतःचा रोध काही दशलक्ष ओहम असतो. त्यातून जवळजवळ प्रवाह वाहतच नाही. वाटेत कुठे १२ ओहमचा खराब संपर्क असला, तरी प्रवाह नाही म्हणून त्यावर दाबाचा ऱ्हासही नाही, आणि मीटरला पूर्ण १२.४ दिसतात. बल्ब लावताच प्रवाह वाहू लागला. आम्ही तो मोजला, ०.८ अँपिअर होता. १२.४ पैकी ३ व्होल्ट बल्बवर, उरलेले ९.४ वाटेत गेले. ९.४ भागिले ०.८, म्हणजे वाटेत सुमारे १२ ओहमचा रोध दडला होता. नळाला पाणी येते की नाही ते बोट लावून पाहिले तर ओले लागते. बादली लावल्याशिवाय धार कळत नाही. विद्युत-परिपथ नेहमी भारासह तपासावा असे कारागीर सांगतात त्याचे कारण हेच. टेस्टलँप वापरणाऱ्या जुन्या वायरमनला डिजिटल मीटर बाळगणारे पदवीधर हसतात, तेव्हा आम्हांला हा प्रसंग आठवतो.

१२ ओहमने मोटार का थांबावी, तेही पाहण्यासारखे आहे. थांबलेल्या मोटारीत विरोधी दाब शून्य असतो, प्रवाह फक्त रोधावर ठरतो. गुंडाळीचा रोध सोयीसाठी १ ओहम धरा. चांगल्या संपर्कातून सुरुवातीला १२ अँपिअर वाहू शकतील. वाटेत १२ ओहम आले की फक्त १२ भागिले १३, म्हणजे ०.९ अँपिअर. पीळ प्रवाहाच्या प्रमाणात असतो. मोकळी फिरायलाच ज्या मोटारीला १.५ अँपिअर लागतात, ती ०.९ अँपिअरमध्ये काच पुसणे शक्य नाही. गेले काही आठवडे वायपर सुस्तावला होता, असे सोबत्याला आता आठवले. त्याने दोष रबराच्या पट्टीला दिला होता.

पण या गणिताची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. ०.९ अँपिअर प्रवाह १२ ओहममधून वाहतो तेव्हा तिथे ०.९ × ०.९ × १२, म्हणजे जवळजवळ १० वॉट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीची छोटी डाग देण्याची इस्त्री २५ वॉटची असते. तिच्या निम्म्याजवळ उष्णता, कळीच्या आतल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत, चहूबाजूंनी प्लॅस्टिक! आणि फ्यूज? या गाडीत तो ३५ अँपिअरला वितळणारा असतो. (जुन्या ब्रिटिश फ्यूजवर वितळण्याचा आकडा छापत. सतत वाहून नेण्याची त्याची क्षमता त्याच्या साधारण निम्मी असते. हे न कळल्यामुळे काही जण तिथे सतत ३५ अँपिअर सोसणारा आधुनिक फ्यूज घालतात. ते धोक्याचे आहे.) १ अँपिअरहून कमी प्रवाहात फ्यूजला काही कळण्याचा प्रश्नच नाही. तो जादा प्रवाह ओळखतो, एका जागी साचलेली उष्णता नाही. मंदवर थांबलेल्या वायपरची कळ तशीच चालू ठेवून आम्ही आणखी मैलभर गेलो असतो, तर सुकाणूखालून धूर आला असता. पेट्रोल पंपावर सोबत्याने सुकाणूखालच्या आवरणाला हात लावला होता आणि "हे गरम का?" असे विचारले होते. तेव्हा आम्ही दोघांनीही ते इंजिनावर ढकलले.

हीच गोष्ट आपल्या घरांत होते. २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर घेतो. प्लगची पिन सॉकेटमध्ये ढिली असेल आणि तिथे फक्त ०.२ ओहम रोध असेल, तरी १५ वॉट उष्णता त्या पिनेवर तयार होते. १६ अँपिअरची एमसीबी पडत नाही, कारण प्रवाह मर्यादेतच आहे. प्लग मात्र तपकिरी होऊन वितळतो. असा भाजलेला प्लग निम्म्या विद्यार्थ्यांनी घरी पाहिलेला असतो. वर्गात विचारून पाहा.

अजून एक गोष्ट सिद्ध करायची राहिली होती. १२ ओहम कळीतच आहेत, की कळीपासून मोटारीपर्यंतच्या वायरीत? मोटारीचा जोड पुन्हा लावला. सुकाणूजवळचा कळीचा जोड सोडवला आणि गाडीच्या बाजूच्या हिरव्या व लाल टोकांमध्ये फ्यूज घातलेली एक छोटी वायर जोडली. म्हणजे कळीला वगळून मंद गती दिली. काचेवर पाणी शिंपडून किल्ली फिरवली. वायपर शहाण्यासारखा मंद गतीने फिरू लागला. मोटार, ब्रश, लाल वायर तिन्ही निर्दोष ठरले. जोडाच्या पिना घासून पुसून पुन्हा पाहिले, फरक नाही. दोष कळीत होता.

कळ बदलणे हे त्यामानाने सोपे काम. पहिली पायरी बॅटरी सोडवण्याची. या गाडीत बॅटरी बॉनेटखाली नसते. आसनांच्या मागे, गालिच्याखालच्या झाकणात असते. १९७४ च्या अखेरीपर्यंतच्या गाड्यांत तर ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडलेल्या असत. सांगाड्याला जोडलेली वायर आधी काढायची. म्हणजे पुढे पाना चुकून सांगाड्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. १९६७ पर्यंतच्या एमजीबींत सांगाडा धनाग्राला जोडलेला असे, नंतरच्यांत ऋणाग्राला. म्हणून चिन्ह पाहून नव्हे, वायर कुठे जाते ते पाहून ठरवावे. कळीच्या आधी हे झालेच पाहिजे, कारण किल्लीचा स्विच आणि त्याच्या फ्यूज नसलेल्या तपकिरी वायरी त्याच आवरणात असतात.

मग सुकाणूच्या दांड्याभोवतीचे प्लॅस्टिकचे आवरण. ते दोन भागांत असते, स्क्रूंनी बांधलेले. चाळीस-पन्नास वर्षांचे प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असते, ओढाताण केली की कानच तुटतात. हिवाळ्यात गरम पाण्यात भिजवलेले फडके त्यावर ठेवून मग उघडावे, असे सोबत्याने सांगितले. आत कळ दांड्याच्या बाहेरच्या नळीला दोन स्क्रूंनी धरलेली असते. वायरींचा जुडगा खाली डॅशबोर्डमागच्या जोडापर्यंत जातो. तो कुठून कसा वळला आहे याचे चित्र काढून ठेवले. हे चित्र पुढे दोनदा कामी आले.

नवी कळ टपालाने आली. बसवण्यापूर्वी ती टेबलावर ठेवून मीटरने तपासली. बंद असताना लाल-तपकिरी जोडलेल्या; मंदवर हिरवी-लाल; जलदवर हिरवी-निळी; टोकाची गुंडी दाबली की काच धुण्याच्या पंपाची वायर हिरवीला. प्रत्येक स्थितीत बाकीच्या जोड्या सुट्या हव्यात. बसवल्यावर दोष सापडला तर आवरण पुन्हा उघडावे लागते, म्हणून ही पाच मिनिटे वाया जात नाहीत. इथे ओहमच्या मापनावर विश्वास ठेवला, पण मोटार जोडल्यावर भारासहही पाहिले: हिरवी आणि लाल यांच्यात, वायपर चालू असताना, मीटरने ०.१ व्होल्टहून कमी दाखवले. संपर्क चांगला असल्याचा हा पुरावा.

शेवटी जुडगा पूर्वीच्या वाटेने नेऊन बांधला. चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण फिरवून वायर कुठे ओढली किंवा घासली जात नाही ना ते पाहिले. शेजारची वळणदिव्याची कळ वळण संपल्यावर आपोआप परत येते ना, तेही पाहिले, कारण ती त्याच नळीवर असते आणि आमच्या हाताने जराशी सरकली होती. (चित्र दुसऱ्यांदा कामी आले ते इथे.) बॅटरी जोडली. ओल्या काचेवर मंद, जलद, बंद. बंद करताच वायपर कडेला गेला आणि झटक्यात निजला. सोबत्याने ते चार-पाच वेळा उगीचच केले.

एक सूचना आवश्यक आहे. आजच्या गाड्यांत सुकाणूच्या चाकात एअरबॅग असते. तिच्यात स्फोटक द्रव्य असते आणि ती अवेळी फुगली तर जिवावर बेतू शकते. या लेखावर विसंबून अशा गाडीचे सुकाणू उघडू नये.

सोबत्याला आणखी एक हौस होती: थांबून थांबून चालणारा वायपर. रिमझिम पावसात तोच बरा. ही कल्पना प्रत्यक्षात आणणारे अमेरिकेतले रॉबर्ट कर्न्स. रोधातून भरणारा संधारित्र आणि ट्रान्झिस्टर वापरून त्यांनी वायपरला काही सेकंदांची विश्रांती दिली. १९६४ साली अर्ज केला, १९६७ साली पेटंट मिळाले. आपली कल्पना विनापरवाना वापरली म्हणून त्यांनी बड्या मोटार-कंपन्यांवर दावे लावले. फोर्डविरुद्धच्या दाव्यात १९९० साली ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला. रोध आणि संधारित्र यांचा गुणाकार म्हणजे काळ, हे अकरावीत शिकवतो तेव्हा ही गोष्ट सांगायला आम्हांला आवडते. सोबत्याच्या गाडीत मात्र तशी जोडणी केली नाही. दोन दिवसांत एवढे पुरे होते.

जुनी कळ आम्ही मागून घेतली. शेडमध्ये ती उघडली तेव्हा लाल वायरीचा रिव्हेट हलत होता. त्याच्याभोवतीचे पांढरे प्लॅस्टिक तपकिरी होऊन दबले होते. मूळचा दोष बहुधा किरकोळ असणार: जरा सैल रिव्हेट, त्यात दमट हवा, तांब्यावर ऑक्साइडचा थर. मग थोडा रोध, थोडी उष्णता, उष्णतेने प्लॅस्टिक मऊ, म्हणून रिव्हेट आणखी सैल. ब्रिटनमध्ये या जुन्या गाड्यांच्या विजेवर पुष्कळ विनोद ऐकू येतात. पण पन्नास वर्षे पावसात राहिलेल्या रिव्हेटकडून याहून जास्त अपेक्षा करणे आम्हांला तरी योग्य वाटत नाही.

ती कळ आता आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. दरवर्षी नववीच्या मुलांना ती, १२ व्होल्टची बॅटरी, मीटर आणि २१ वॉटचा बल्ब देतो आणि कळ चांगली की वाईट एवढेच विचारतो. जवळपास सगळे गट आधी मीटर लावतात आणि चांगली म्हणून लिहून देतात. मग आम्ही बल्बाकडे बोट दाखवतो. ज्यांच्याकडे अशी कळ नाही त्यांनी दोन गंजलेले खिळे एकमेकांवर हलके टेकवून बल्बाच्या परिपथात घ्यावेत. खिळे किती दाबले त्यावर बल्बाचा उजेड आणि खिळ्यांवरचा दाबाचा ऱ्हास बदलतो. दोन्ही वहीत लिहून घेतले की दोन तासिका सहज जातात. बल्ब चालू असताना खिळ्यांच्या जोडाला बोट मात्र जपून लावावे.